एक दिवस, ३००० बजेट, सासूबाईंचे गुडघे. वासोटा की चांदोली?

कृष्णाकाठची: दिवाळीनंतरच्या रविवारी सांगलीहून निघणार. आम्ही दोघं, ८ वर्षांचा मुलगा, सासूबाई (गुडघेदुखी). जंगल आणि पाणी बघायचंय. गाडी घरची, डिझेल सोडून ३०००. सुचवा.

सज्जनगडचा_वारा: वासोटा किल्लाच! सात वेळा केलाय. बामणोलीत वनखात्याची परवानगी काढायची, शिवसागरातनं, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यातनं, दीडेक तास लाँच, मग चढ. आदल्या रात्री काठाला तंबूत राहा, माणशी दीड हजार फक्त.

कृष्णाकाठची: दादा, गुडघे लिहिलेत. बजेटही लिहिलंय.

सज्जनगडचा_वारा: चढ सावलीतला आहे ओ.

चकलीवाला: सावली गेली खड्ड्यात. उतरताना माझ्या नव्याकोऱ्या बुटाचा तळ निघाला, पंचानं बांधून आलो. वर जाताना प्लास्टिक मोजतात, अनामत ठेवायची. आमचं चकलीचं पाकीट वाऱ्यानं उडालं. अर्धा तास झाडीत शोधलं, सापडलं ते दुसऱ्याच कुणाचं. हिशोब जुळला, गप बसलो.

शिराळकरीण: सांगलीकरांना आपला जिल्हा दिसत नाही. चांदोली बघा! वारणेचं खोरं, २००४ पासून राष्ट्रीय उद्यान. गाडीतनंच फिरायचं, गुडघ्यांना काम नाही.

सज्जनगडचा_वारा: तिथं गव्याची पाठ दिसते, तीपण जाताना. वाघ कुठाय?

शिराळकरीण: तुमचं कोयना अभयारण्य आणि आमची चांदोली मिळूनच २०१० ला व्याघ्र प्रकल्प झालाय. सात वेळा गेलात, तुम्हाला दिसला?

सज्जनगडचा_वारा: वासोट्याचं नावच व्याघ्रगड.

शिराळकरीण: नाव बघायला एवढं लांब कोण जाणार?

कराडचा_निवांत: एवढी कोयना कोयना करताय, ती आमच्याकडंच येते की. प्रीतिसंगमावर बसा, कृष्णा-कोयना समोरासमोर, खर्च भेळेपुरता.

चकलीवाला: वासोट्याला जाणार असाल तर बूट जुनेच घाला.

घाटात_उलटी: कास-बामणोली रस्ता वळणांचा आहे. पोराला पोटभर खाऊ घालून नेऊ नका. लाँचचं भाडं अख्ख्या लाँचचं असतं, माणशी नाही. काठावर दुसरं कुटुंब गाठून वाटून घ्या. बामणोलीहून नुसत्या त्रिवेणी संगमापर्यंतचीही फेरी मिळते.

सज्जनगडचा_वारा: लाँचचं भाडं वाटून घ्या, हे मी सांगणारच होतो.

कृष्णाकाठची: ठरलं. बामणोली, गड नाही, नुसती संगमापर्यंत लाँच. सासूबाईंच्या आईचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलंय, हे मला काल रात्री कळलं. त्या म्हणाल्या, "वाघ राहू दे, मला पाणी दाखव." भाकरी-पिठलं घरून नेतोय.

सज्जनगडचा_वारा: एवढं बामणोलीपर्यंत जाऊन वासोटा नाही??

चकलीवाला: भाकरी फडक्यात बांधा. पाकीट नको.