मान, खांदे आणि ऑफिसची खुर्ची: तुमचे अनुभव लिहा

मार्चअखेर संपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मान डावीकडे वळेचना. उशी चुकली असेल म्हणून आईने बाम चोळला, शेक दिला. चार दिवस झाले तरी केस विंचरायला हात वर जाईना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिलंच विचारलं, "स्क्रीन कुठे असते?" उजवीकडे, तिरकी. समोर व्हाउचरांचा गठ्ठा. म्हणजे दिवसभर मान एकाच बाजूला. हे इतकं साधं कारण मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं. बसून काम करणाऱ्यांनो, तुमचं काय दुखलं, कशाने उतार पडला, जरूर लिहा.

*

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये डायनिंग टेबलावर लॅपटॉप, दोन्ही खांदे कानाला लागलेले. लॅपटॉपची अडचण अशी की स्क्रीन उंच घ्यावी तर कीबोर्डही वर जातो. शेवटी खाली जुने शब्दकोश रचले आणि कीबोर्ड वेगळा घेतला. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली आणि पंधरा दिवसांत फरक पडला.

*

माझं ऐका, अंगावर काढू नका. मी वर्षभर काढलं. दुखायला लागलं की सलूनमध्ये जाऊन मान कडकन मोडून घ्यायचो, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग अंगठ्यात आणि तर्जनीत मुंग्या. एका दुपारी चहाचा कप धरलेला असतानाच हातातून सुटला. एमआरआयमध्ये दिसलं, मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती सरकून नस दबली होती. मान मोडून घेतो म्हटल्यावर डॉक्टर अक्षरशः ओरडले. ऑपरेशन टळलं, पण पकड पूर्ववत व्हायला पाच महिने लागले. मुंग्या, बधिरपणा, हातातलं बळ कमी होणं, यातलं काहीही असेल तर बाम ठेवा बाजूला आणि आधी डॉक्टरकडे जा.

*

मी खुर्चीलाच दोष देत होते. ब्लाउजच्या मागच्या हुकापर्यंत हात पोचेना, रात्री त्या कुशीवर झोपवेना. निघाला फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधा आखडलेला, आणि रक्त तपासलं तर साखर वाढलेली. मधुमेहात हा त्रास जास्त होतो, हे तेव्हा कळलं.

*

आणि मोबाइल? डोकं साधारण पाच किलोचं, पण मान साठ अंश वाकली की मणक्यांवर २७ किलोंच्या आसपास भार येतो. हे कळल्यापासून लोकलमध्ये फोन डोळ्यांसमोर धरते.

*

(धागाकर्ती) फिजिओथेरपिस्ट बाईंनी दिलेला व्यायाम विचारलात म्हणून: ताठ बसून, नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढायची. पाच सेकंद धरायची, दहा वेळा. मी दर चहाच्या आधी करते. दुखलं तर तिथेच थांबायचं.