शिबिरं ढीगभर, पण डोळ्याचा दाब कोण मोजणार?

भीमथडी: परवा इथे एकांनी लिहिलं, "गावोगाव फुकट नेत्रशिबिरं आहेत, म्हातारेच आळशी." तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. माझे वडील सलग तीन शिबिरांना गेले. दरवेळी बॅटरी मारून बघितलं आणि "मोतीबिंदू पिकला नाही, पुढच्या वर्षी या" म्हणून घरी पाठवलं. निघाला काचबिंदू. त्यात बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढून आतली नस खराब होते; कडेची नजर आधी जाते, समोरचं दिसत राहतं. ताटातल्या डावीकडच्या चटणीला बाबा हात लावेनात, आईला वाटायचं तिखट सोसत नसेल. मोतीबिंदू ऑपरेशनने सुधारतो, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

सरळमार्गी: ते लिहिणारा मीच. 'आळशी' मागे घेतो, मुद्दा नाही. माझ्या मावशीला अकरा वर्षं शुगर आहे. ग्रामीण रुग्णालय घरापासून पाच मिनिटांवर. "मला दिसतंय की," म्हणते आणि जात नाही.

कृष्णाकाठ: शुगरवाल्यांनी वर्षातून एकदा डोळ्याच्या आतला पडदा तपासायचा असतो. अकरा वर्षं गोळ्या लिहून देणाऱ्याने हे तिला सांगितलं का? सगळ्यांचं रुग्णालय पाच मिनिटांवर नसतं. तपासणीसाठी बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की चार-पाच तास धूसर दिसतं. आमच्या आत्याला परतताना एसटीची पाटी वाचता येईना, दोन गाड्या गेल्या. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, पण सोबत येणाऱ्याचं तिकीट आणि बुडालेली मजुरी?

जुनामास्तर: सोबतीला मुलं कुठे गेली? पुण्यात फ्लॅट घ्यायला वेळ आहे, आईला तालुक्याला न्यायला नाही!

गोदामकर: मास्तर, तोंड सांभाळून. मी पुण्यातच आहे, गोदामात. एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. आईला नेलं तेव्हा "डॉक्टर आले नाहीत, गुरुवारी या" म्हणाले. दोन खाडे झाले, तपासणी नाहीच.

जुनामास्तर: तुमचं वेगळं असेल. सगळे गोदामात नसतात.

कृष्णाकाठ: मुलांचं पुरे हो! सत्तरीवरच्यांना ५ लाखांचं आयुष्मान कार्ड आहे, पण ते दाखल झाल्यावर चालतं. दाब मोजायला कुणी दाखल होतं का?

सरळमार्गी: हे मात्र मान्य करावं लागेल. मावशीला सोमवारी नेतो. तरी घराशेजारी सोय असून न जाणारेही आहेत, हे मी सोडणार नाही.

भीमथडी: नका सोडू. फक्त पडद्याबरोबर दाबही मोजायला सांगा. आणि काचबिंदू घराण्यात उतरतो, म्हणून बाबांच्या पाठच्या दोन्ही काकांना मी घेऊन गेलो. धाकट्याचा दाब वाढलेला निघाला. त्यांनाही सगळं दिसतच होतं.