ब्रूनो सकाळी खाली उतरत नाही (आमच्या सोसायटीचा ग्रुप, नाशिक)

वैशाली, बी-३०२: मंडळी, एक विचारायचं होतं. आमचा ब्रूनो (लॅब्रॅडॉर, वय ९) थंडी पडल्यापासून सकाळी सहाला खाली यायलाच तयार नाही. लिफ्टपर्यंत येतो आणि बसकण मारतो. दिवसभर झोपा काढतो, मग रात्री अकराला घरभर धुडगूस. कुत्रेवाले काय करता थंडीत?

सुहास काका, बी-२०२: अच्छा, तो ब्रूनो होय! आम्हाला वाटलं तुम्ही फर्निचरचं काम काढलंय.

वैशाली: काका, सॉरी 🙏

निखिल, ए-५०४: ताई, सहाला आपण तरी राजीखुशीने बाहेर पडतो का? वेळ बदला. साडेआठला ऊन आलं की न्या, संध्याकाळी अंधार पडायच्या आत. लॅबला दुहेरी केस असतात, नाशिकच्या थंडीचं त्याला फार काही नाही. पण नऊ वर्षांचा आहे म्हणजे सांधे आखडत असणार. उठताना मागचे पाय जड टाकतो का बघा, टाकत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि एकच मोठी फेरी नको, छोट्या छोट्या दोन-तीन करा.

मंदा काकू, ए-२०३: आमच्या ह्यांची गुडघ्याची गोळी आहे, अर्धी देऊन बघ. आणि स्वेटर मी विणून देते.

निखिल: काकू, गोळी अजिबात नको!! आयबुप्रोफेनसारख्या आपल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते. स्वेटर त्या सी विंगमधल्या पगला विणा, त्याला खरी गरज आहे. घरात आल्यावर मात्र काढायचा.

रेणुका, ए-१०१: वैशाली, पाय चालत नसतील तर नाकाला कामाला लाव. आमची चिंगी (गावठी, गेटवरून आणलेली) थंडीत अशीच कंटाळते. तिचं भांडंच बंद केलंय मी. जुना टॉवेल पसरायचा, त्यावर खाणं टाकायचं, गुंडाळून गाठ मारायची आणि द्यायचा. हुंगून हुंगून सोडवत बसते. दुसरा खेळ म्हणजे गाजराचे तुकडे सोफ्यामागे, पायपुसण्याखाली, चपलांच्या स्टँडपाशी लपवायचे. आधी तिच्यासमोर लपवायचे, कळलं की तिला आत कोंडून. शोधून शोधून दमते आणि गपगार झोपते. हे रात्री नऊच्या सुमारास कर, सुहास काकांची पण सोय. पण खाणं रोजच्या मापातूनच घे हं, वरून नको. थंडीत फिरणं कमी आणि खाणं तेवढंच, मग वजन वाढतं आणि सगळा भार त्याच सांध्यांवर.

वैशाली: हे आजच करते. हॉलमध्ये बॉल टाकला तर?

रेणुका: टाइल्सवर घसरेल गं. सतरंजी अंथर आणि चिंधीची दोरी ओढायला दे, तीही हळू. जिने चढ-उतार करायला लावू नकोस. आणि द्राक्षं, मनुका त्याच्या तोंडाला लागू देऊ नकोस. आता घरोघरी पेट्या येतील, कुणीतरी प्रेमाने भरवतं. किडनीवर जातं ते.

सुहास काका: मी भरवली होती मागे दोन. काही झालं नाही.

निखिल: नशीब काका. कुणाला किती बाधेल ते आधी सांगताच येत नाही, म्हणून एकही नको.

वैशाली: सेक्रेटरी साहेब, सकाळी टेरेस मिळेल का? खाली त्या वेळी स्कूलबसची गर्दी असते.

सेक्रेटरी: ९ ते १०. पट्टा लावून. घाण स्वतः उचलायची.

प्रज्ञा, बी-४०१: संक्रांत जवळ आली आहे. टेरेसवर मांजाचे गुंते पडलेले असतात. नायलॉनवर बंदी असूनही येतोच कुठून तरी. पंजा कापला की टाके पडतात. आधी झाडून घ्या.

सुहास काका: झाडून मी घेतो. नऊला ऊन खायला मी वरच असतो. घेऊन या त्याला. अकरानंतर मात्र शांतता पाहिजे.

वैशाली: काका 🙏🙏 किल्लीसाठी वॉचमनला फोन केला, तो म्हणतो किल्ली सेक्रेटरींकडे आहे.

सेक्रेटरी: माझ्याकडे नाही. सी विंगमध्ये विचारा, ३१ डिसेंबरला त्यांनीच नेली होती.