जपानमध्ये पैसे कसे द्यावेत: रोख, फॉरेक्स कार्ड की आयसी कार्ड?

केवडा:
माझे आई-बाबा येत्या एप्रिलमध्ये टोकियो, क्योतो आणि हिरोशिमा असा प्रवास सहल कंपनीशिवाय करणार आहेत. नाशिकला भाजीपासून रिक्षापर्यंत सगळे यूपीआयवर भागत असल्यामुळे रोकड बाळगण्याची त्यांची सवय पार सुटली आहे. जपानमध्ये अनेक ठिकाणी रोखच लागते असे वाचले, तर काही जण आता सर्वत्र कार्ड चालते असे सांगतात. दोघांकडे मिळून एक व्हिसा डेबिट आणि एक क्रेडिट कार्ड आहे. येन इथूनच न्यावेत, परकीय चलन आधी भरून ठेवायचे फॉरेक्स कार्ड घ्यावे, की तिथल्या एटीएममधून पैसे काढावेत? दोघेही साठीच्या पुढचे असल्याने दुकानात उभे राहून त्यांची धांदल उडू नये, ही माझी मुख्य काळजी आहे.

टोकियोकर:
हॉटेल, मोठी दुकाने आणि साखळी उपाहारगृहे यांत कार्ड निर्धास्त चालते. रोख लागते ती लहान जागी, आणि तुमच्या आई-बाबांचा बराचसा दिवस अशाच जागी जाणार आहे. मंदिरांचे प्रवेशशुल्क, तिथे आठवण म्हणून हाताने लिहून मिळणारा मंदिराचा शिक्का म्हणजे गोशुइन (बहुधा ३०० ते ५०० येन) आणि गल्लीतली नूडल्सची दुकाने यांसाठी नोटा-नाणी जवळ हवीतच. अशा अनेक दुकानांत दाराशीच कूपन देणारे यंत्र असते आणि ते पुष्कळदा फक्त नाणी व १,००० येनची नोट घेते, म्हणून १०,००० ची नोट मिळाली की ती आधी सेव्हन-इलेव्हन किंवा लॉसन या साखळी दुकानांत पाण्याची बाटली घेऊन मोडावी. तिथे कोणी कुरकुर करत नाही. जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटा काही जुन्या यंत्रांत चालत नाहीत, तेव्हा दोन्ही प्रकारच्या नोटा जवळ असलेल्या बऱ्या.

भारतातून फार येन नेऊ नका. पहिल्या दोन दिवसांपुरते पुरेत, कारण सेव्हन-इलेव्हनमधल्या सेव्हन बँकेच्या एटीएमवर विदेशी कार्डे चालतात, इंग्रजी पडदा असतो आणि बहुतेक यंत्रे रात्रंदिवस सुरू असतात. मात्र पैसे डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावरूनच काढा. क्रेडिट कार्डावरून काढलेल्या रोख रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

निवांत:
इकडची तयारी आधी करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार नवे कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू असते, त्यामुळे परदेशातील दुकान आणि एटीएम या दोन्ही सोयी बँकेच्या ॲपमध्ये स्वतंत्रपणे सुरू कराव्या लागतात, आणि हे विमानतळावर नव्हे, निघण्याच्या आठवडाभर आधी घरी बसून बाबांच्या समोरच करा. क्रेडिट कार्डाचा चार आकडी पिन पाठ असू द्या. रेल्वेच्या तिकीटयंत्रावर तो विचारला जातो.

बऱ्याच भारतीय कार्डांवर परकीय चलनातील खर्चासाठी ३.५ टक्के शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे शेकडा चार रुपयांहून थोडे अधिक. येन भरलेल्या फॉरेक्स कार्डावर हे शुल्क लागत नाही, पण त्यात डॉलर भरून येन खर्च केले तर दुसऱ्या चलनाचे शुल्क बसते, म्हणून येनच भरा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुकानातल्या किंवा एटीएमच्या पडद्यावर ‘रुपयांत द्यायचे की येनमध्ये?’ असे आले, तर प्रत्येक वेळी येनच निवडावे. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर दुकानामागची कंपनी ठरवते आणि तो बहुधा महागच पडतो.

केवडा:
दोघांचेही आभार. बस आणि मेट्रोचे काय?

टोकियोकर:
त्यासाठी दोघांना दोन वेगळी आयसी कार्डे, म्हणजे आधी पैसे भरून यंत्रावर टेकवायची प्रवासाची कार्डे, घेऊन द्या, कारण एका कार्डावर एका वेळी एकच माणूस प्रवास करू शकतो. क्योतोच्या शहर बसचे मध्यवर्ती भागातले २३० येन भाडे त्यावर भरता येते आणि सुटे मोजण्याचा त्रासच संपतो. कोंबिनी म्हणतात ती छोटी दुकाने आणि पेयांची अनेक यंत्रेही ते घेतात. हानेदा किंवा नारिता विमानतळावर मिळणारे ‘वेलकम सुइका’ हे पर्यटकांसाठीचे आयसी कार्ड अनामत न घेता मिळते, परंतु २८ दिवसांनी बंद होते आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून एका वेळी दोन-तीन हजार येनच भरावेत. बहुतेक स्थानकांवर ही भरणी रोखीनेच करावी लागते, हेही त्यांच्या रोजच्या रोकडीत धरा. शिनकानसेन या वेगवान रेल्वेचे तिकीट मात्र यातून निघत नाही. ते वेगळे घ्यावे लागते आणि तिथे क्रेडिट कार्ड चालते.

शेवटच्या दिवशी कार्डावर थोडे येन उरले, तर कोंबिनीत खाऊ घेताना आधी ते सगळे वळते करून घ्यायला सांगावे आणि कमी पडतील तेवढे रोख द्यावेत. नाणी भारतात बदलून मिळत नाहीत, त्यामुळे तीही तिथेच संपवता येतात.