ससा लिटर बॉक्स सोडून बाकी सगळीकडे शू करतोय, मदत हवी आहे

मधुमालती
नमस्कार. घरी ससा आहे, त्याला लिटर बॉक्स आणून दिलाय, तो त्यात जातो पण नुसता बसून राहतो आणि शू मात्र बाहेर. सोफ्यामागे, दाराच्या कोपऱ्यात आणि आता तर मुलीच्या गादीवरसुद्धा. सकाळ-संध्याकाळ बॉक्स घासून लख्ख करते तरी फरक नाही. पावसामुळे खिडक्या बंद, वास कोंडून राहतो, घरचे म्हणताहेत देऊन टाक कुणाला तरी. मला द्यायचा नाहीये. कुणाला नक्की उपाय माहीत असेल तर लवकर सांगा प्लीज.

घाटावरचा
वय किती, नर की मादी, बॉक्समध्ये काय घालता, खायला काय देता, नसबंदी झालीय का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, उपाय कसा सांगणार.

अलका_डोंबिवली
ताई बॉक्स-बिक्स सोडा, हार्डवेअरच्या दुकानातून प्लॅस्टिकचं घमेलं आणा. माझ्या भाच्याकडे दोन ससे आहेत, खाली जुने पेपर, वर वाळलेलं गवत, बास. ससे गवत खाता खाता तिथेच लेंड्या टाकतात, त्यांची सवयच असते ती. महागाच्या लिटरची गरजच नाही.

मधुमालती
घाटावरचा, वय सात-आठ महिने असेल. मादी आहे असं पेट शॉपवाल्याने सांगितलं होतं. मांजराचं लिटर घालते, ते गोळे होणारं. नसबंदी सशांचीपण करतात का? बॉक्सला वर जाळी आहे. खायला गाजर, कोबी, पॅकेटमधलं रॅबिट फूड आणि मंडईतून आणलेला लसूणघास.

चिंगीची मावशी
ते गोळे होणारं लिटर आजच काढा हो!! ससे बॉक्समधलं काहीही चघळतात, आणि ते पोटात जाऊन फुगलं की आतडं तुंबतं. सशाला उलटी करता येत नाही, आत गेलेलं मागून बाहेर पडेल तेवढंच. मी कागदाचे पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) वापरते, नाही मिळाले तर लाकडाचे भट्टीत वाळवलेले पेलेट, ते शू पडली की भुसा होऊन खाली बसतात आणि वासही बराच धरून ठेवतात. आणि जाळीवर बसवू नका, सशाच्या तळपायाला कुत्र्यामांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात, जाळीने जखमा होतात.

घाटावरचा
पेलेट चांगले, पण सॉ मिलचा ताजा भुसा नको. पाइन, देवदार वगैरेच्या ताज्या भुशाचा जो वास येतो तो बंद खोलीत सशाच्या श्वासाला आणि लिव्हरला चांगला नाही.

अलका_डोंबिवली
पेपर असताना कशाला हे सगळं. पेपर रद्दीत मिळतो, पेलेटचं पोतं किती पडतं ते सांगा की.

चिंगीची मावशी
अलकाताई, पेपर शू शोषतो, वास नाही शोषत. पावसाळ्यात बंद घरात नुसत्या पेपरवर अमोनियाने डोळे चुरचुरतात, मी करून बघितलंय. तुमच्या भाच्याचं घर तळमजल्याला अंगणासकट असेल.

अलका_डोंबिवली
अंगण आहे हो त्याला, पण म्हणून पद्धत चुकीची होत नाही. दिवसातून एकदा पेपर बदलायचा, आळस करायचा नाही.

झकास
माझ्या मते आठवड्यातून एकदा बेबी शाम्पूने आंघोळ घाला, निम्मा वास जाईल. आमच्या पामेरियनचा असाच गेला होता.

चिंगीची मावशी
अजिबात नको!!! सशाला आंघोळ घालायची नसते. घाबरून शॉकमध्ये जातो, धडपडीत पाठीचा मणका मोडू शकतो आणि भिजलेली फर लवकर वाळत नाही, अंग गार पडतं. निरोगी ससा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. मागचा भाग खराब झाला असेल तर तेवढाच ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करायचा.

परदेशी_पाखरू
मी यूकेत आहे, इथे सशांना मिक्सोमॅटोसिस आणि आरएचडी (सशांचा रक्तस्रावी रोग) या रोगांची लस दरवर्षी देतात. तुम्ही लस दिली का? आणि इथे ससा एकटा ठेवत नाहीत, जोडीने ठेवायचा सल्ला देतात. दुसरा ससा आणायचा विचार करा.

मधुमालती
एकच आवरत नाहीये, दुसरा कुठे. आणि लसीचं नाही विचारलं हो मी, शूचं विचारलंय.

जित्राब_डॉक्टर
पशुवैद्य आहे, थोडं सविस्तर लिहितो. सात-आठ महिन्यांचा, नसबंदी न झालेला ससा कोपऱ्यात, दारात आणि गादीवर शू करतोय याचा सरळ अर्थ तो हद्द आखतोय. ही घाण करण्याची खोड नाही, हॉर्मोन आहेत. माद्यासुद्धा करतात, नर जास्त करतात. तेव्हा आधी नर की मादी हे खात्रीने बघून घ्या. लहान पिल्लांत ओळखणं अवघड असतं आणि विक्रीच्या वेळी सर्रास उलटसुलट सांगितलं जातं. साधारण तीन महिन्यांनंतर नराचे अंडकोश दिसायला लागतात, मात्र ससा घाबरला की ते आत ओढून घेतो, त्यामुळे एकदा बघून नाही दिसले म्हणून मादी समजू नका.

दुसरं, बॉक्स कशाने धुता?

मधुमालती
फिनेलने. आणि फरशीपण फिनेलनेच.

जित्राब_डॉक्टर
बंद करा. सशाचं नाक फार तिखट असतं, फिनेलच्या वासाने तो बॉक्सपासून लांब राहतो. शिवाय बॉक्स इतका लख्ख केला की त्यात त्याचा स्वतःचा वास उरत नाही, मग हे आपलं ठिकाण आहे हे त्याला कळणार कसं? उलट करायचं. बाहेर जिथे शू केली ती जागा वासाचा मागमूस राहणार नाही इतकी धुवायची, आणि बॉक्स रिकामा करताना थोडं ओलं गवत आणि मूठभर लेंड्या परत आत टाकायच्या. बाहेर पडलेल्या लेंड्यासुद्धा उचलून बॉक्समध्येच टाका.

धुवायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. बॉक्सच्या तळाला पांढरा खडूसारखा थर बसतो ना, तो कॅल्शियमचा. सशाचं शरीर खाण्यातलं जवळपास सगळं कॅल्शियम शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीतून टाकतं. साबणाने तो थर निघत नाही, व्हिनेगर अर्धा तास ओतून ठेवा, सुटतो. व्हिनेगर नसेल तर सायट्रिक अ‍ॅसिड चालेल. ब्लीच लघवीवर टाकू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वाफ होते.

घाटावरचा
डॉक्टरांना अनुमोदन. लसूणघासात कॅल्शियम भरपूर, तो सहा महिन्यांपर्यंत ठीक, मोठ्या सशाला रोजचा नको. लघवी टूथपेस्टसारखी घट्ट येत असेल तर खडा असू शकतो, ते लगेच दाखवा. आमच्याकडे मारवेल गवत कापून सावलीत वाळवतात, गुरांसाठीच असतं पण ससे आवडीने खातात. खाण्यात मुख्य वाळलेलं गवतच हवं, गाजर म्हणजे त्यांची मिठाई. कोबीपण जरा जपूनच.

मधुमालती
शहरात मारवेल कुठून आणू? ऑनलाइन टिमोथी गवत बघितलं, परदेशातून येतं म्हणून फारच महाग आहे. आणि आज शू लालसर दिसली, रक्त आहे का हे?? खूप घाबरलेय.

गच्चीतला_मळा
ताई सशाच्या लेंड्या फेकू नका! गाईच्या शेणासारख्या कुजवाव्या लागत नाहीत, थेट कुंडीत घातल्या तरी मुळं जळत नाहीत. माझ्या मिरच्यांना दुसरं खत लागत नाही. कोथरूडच्या जवळपास राहत असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी येऊन घेऊन जाईन.

मधुमालती
मी रक्ताचं विचारतेय!

जित्राब_डॉक्टर
घाबरू नका. खाल्लेल्या पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे सशाची लघवी पिवळ्यापासून गडद केशरी-लाल, तपकिरीपर्यंत कुठलीही असू शकते. सगळी लघवी एकसारखी लालसर असेल तर बहुधा रंगच. पिवळ्या लघवीत वेगळे लाल ठिपके किंवा गुठळी दिसली, किंवा कुंथत असेल, थेंब थेंब करत असेल तर दाखवायलाच हवा. खातोय का? लेंड्या टाकतोय का?

मधुमालती
हो खातोय, लेंड्यापण आहेत. एकसारखी लालसर आहे. पण सकाळी मऊ चिकट काळ्या लेंड्या दिसल्या, जुलाब आहेत का?

चिंगीची मावशी
द्राक्षाच्या घडासारख्या चिकटलेल्या, चमकदार? त्या जुलाब नाहीत. ससा त्या परत खातो, सरळ मागून तोंडात घेतो, त्यातून त्याला बी जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. जमिनीवर पडून राहत असतील तर पॅकेटचं खाणं आणि गोड कमी करून गवत वाढवा.

अलका_डोंबिवली
गवतासाठी जवळच्या गोठ्यावर विचारा, वाळलेली वैरण सुटी देतात. रस्त्याकडेचं कापू नका, त्यावर कुत्री मुततात. आणि घमेलं घ्याच, उंच काठाचं, म्हणजे शू उडत नाही.

चिंगीची मावशी
उंच काठाला +१, घमेल्यालाही. तळाला पेलेट आणि वर तुमचं गवत घाला म्हणजे आपलं भांडण मिटलं. गवत विकत घेताना नाकाला लावून बघा, पावसाळ्यात बुरशी धरतं. अजून एक, सध्या माश्या फार आहेत. मागची फर ओली किंवा घाण राहिली तर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात, जिवावर बेततं. रोज एकदा उचलून मागून बघत जा.

मधुमालती
सगळ्यांचे आभार. दवाखान्यात दाखवून आलो. नर आहे! लघवी तपासली, रक्त नाही. घमेलं, पेलेट आणि गवत सुरू केलंय, फिनेल बंद. लेंड्या आता बहुतेक घमेल्यातच, शू अजून सोफ्यामागे करतो पण गादीवर नाही, मुलीच्या खोलीचं दार लावून ठेवतोय. नसबंदी पुढच्या आठवड्यात ठरलीय. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं का? शेजारी म्हणतात कुत्र्याला ठेवतात तसं.

झकास
हो, भूल द्यायची म्हणजे उपाशीच ठेवावं लागतं.

जित्राब_डॉक्टर
नाही. कुत्र्यामांजराला उपाशी ठेवतात कारण भुलीत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ शकते. सशाला उलटी होतच नाही, उलट पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबतात आणि तेच जास्त धोक्याचं. गवत शेवटपर्यंत समोर राहू द्या, दवाखान्यातही त्याच्या ओळखीचं गवत डब्यातून घेऊन जा. उपाशी आणा असं तिथे सांगितलं तर सशांची ऑपरेशनं नेहमी करतात का ते आधी विचारा. घरी आल्यावर काही तासांत खायला लागला पाहिजे. बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील तर सकाळची वाट न बघता फोन करा.

शूचं म्हणाल तर हॉर्मोन उतरायला महिना-दीड महिना लागतो, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फरक दिसणार नाही. तोवर सोफ्यामागेच दुसरं घमेलं ठेवा. त्याने जागा निवडलीय, तिथे बॉक्स नेणं सोपं.

मधुमालती
ठीक आहे, आजच दुसरं आणते. गच्चीतला_मळा, व्यनि केलाय, पिशवी भरून ठेवलीय.