शहापूर कुणी मारलं? ('गल्लीबाहेरचा'च्या पोस्टला उत्तर, लांब आहे)

कोरे गल्लीवाला
काल रात्री 'गल्लीबाहेरचा'ची पोस्ट वाचली आणि झोप उडाली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाऊंचं म्हणणं असं की बेळगावातलं जुनं शहापूर, म्हणजे खडेबाजार, सराफ गल्ली, बसवाण गल्ली हे सगळं आता म्हाताऱ्यांचं गोडाऊन झालंय, पोरं पुण्याला नाहीतर बंगळूरला, निम्म्या घरांना कुलपं, आणि ह्याला जबाबदार शहापूरकरच. का, तर आळशी, भांडकुदळ, धंदा बदलायची अक्कल नाही. वर फुकटचा सल्ला, विका आणि गणेशपूरला फ्लॅट घ्या.

आता ऐका. शहापूर वाढलं कशावर? बेळगावात 1818 पासून इंग्रज, किल्ला त्यांचा, कॅम्प त्यांचा, आणि त्याला लागून दोन पावलांवर शहापूर, ते मात्र सांगलीकर पटवर्धनांचं. चिंतामणराव हायस्कूलचं नाव कुणावरून पडलं ते पोरांना विचारा, दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. पगार पलटणीत व्हायचा, खरेदी शहापुरात. सोनं, लुगडी, रंगारी, सावकार सगळे इकडं. वेंगुर्ला बंदरातनं आंबोली घाटानं माल यायचा तेव्हापासून ही पेठ आहे. नंतर रेल्वे आली, वेंगुर्ल्याचा रस्ता थंडावला, तरी पेठ टिकली. 1948 ला संस्थान विलीन झालं आणि शहापूर बेळगावचा एक वॉर्ड होऊन बसलं. आठ वर्षांत 1956, आपण म्हैसूर राज्यात. एका पिढीत तीन सरकारं बघितली ह्या गल्ल्यांनी. कोल्हापूर, सावंतवाडी, चंदगड हे आमचं गिऱ्हाईक, ते एका रात्रीत परराज्य झालं, चेकपोस्टच्या पलीकडं गेलं. ह्यात आमचा आळस कुठं आला?

गल्लीबाहेरचा
दादा, इतिहास चांगला लिहिलास, आवडला. खरं 1956 ला मरून आजपर्यंत कोण रडत बसतंय? इचलकरंजी बघ. तिथंपण मागच होते. त्यांनी वाढवले, तुम्ही विकले. मी मिरापूर गल्लीतच जन्मलोय, बाहेरचा म्हणून उडवून लावू नका. आमच्या घराच्या वाटण्या झाल्या, एका खोलीला चार सह्या लागतात आणि चारी चुलते एकमेकांशी बोलत नाहीत. कौलं काढून पत्रा घालायचा म्हटलं तरी एक जण कोर्टात जातो. ह्यात सांगलीकर नाहीत, म्हैसूर नाही.

सीमावासी_56
सगळ्या रोगाचं मूळ एकच आहे, सीमाप्रश्न, आणि ते सगळ्यांना माहीत आहे. महाजन आयोगानं 1967 ला बेळगाव तिकडंच ठेवलं, 2004 पासून सुप्रीम कोर्टात केस आहे, तारखेवर तारीख. जोवर हे सुटत नाही तोवर इथं कोण पैसा लावणार? 2012 ला इथं कर्नाटक विधिमंडळासाठी सुवर्णसौध बांधलं, हिवाळ्यात दहा दिवस अधिवेशन, बाकी वर्षभर कबुतरं. तेवढ्या पैशात शहापूर-वडगावच्या प्रत्येक मागाला नवीन शेड झाली असती.

टिळकवाडी तिसरं गेट
आलं का 56. दुधाचा दर वाढला तरी तुम्ही महाजन आयोगावरच जाणार. सर, 2021 ला महापालिकेत 58 पैकी 35 जागा भाजपला कुणी दिल्या, बंगळूरहून येऊन लोकांनी मतं टाकली काय? आपल्याच गल्ल्यांनी दिल्या. त्याआधी वर्षानुवर्षं आपलीच मराठी माणसं महापौर होती, तेव्हा शहापूरची गटारं सोन्याची होती असं मला तरी आठवत नाही.

सीमावासी_56
तुम्ही टिळकवाडीत बसून बोलू नका. 1986 ला कन्नडसक्तीविरुद्ध रस्त्यावर कोण होतं, तुमचे बंगलेवाले नव्हते.

टिळकवाडी तिसरं गेट
माझे वडील होते. डोक्यात लाठी खाऊन आले होते. म्हणूनच सांगालोय, त्यांच्या लाठीवर तुमच्या गटाराचं बिल फाडू नका.

मागवाला, वडगाव
मी मागाचं सांगतो, कारण वर दोघंही मागावर बोललेत आणि दोघांनीही माग चालवलेला दिसत नाही.

आमच्या घरी आजोबांचे खड्डामाग, वडिलांनी काढून यंत्रमाग घातले, मी ते बंद केले. इचलकरंजीचं नाव घेणाऱ्याला एवढंच, तिथलं कापड वेगळं, आमची साडी वेगळी, बाजार वेगळा. आमचा माल महाराष्ट्रात फार जातच नव्हता, आंध्र, तेलंगणा, तमिळनाडू. म्हणजे 56 वाल्या सरांचं पण पूर्ण खरं नाही. आणि इथं विणणारे निम्मेअधिक देवांग समाजाचे, घरात कन्नड नाहीतर तेलुगू बोलणारे, मजुरी वाढवायच्या मोर्चात मराठी-कन्नड कुणी विचारत नव्हतं.

मेलं कशानं? सुरतेची साडी. आमच्या साडीच्या निम्म्या दरात, चमक जास्त, लांबून बघितली तर फरक कळत नाही. व्यापारी म्हणाला, तू पण एवढ्यात दे. जकाटवर, म्हणजे नक्षी विणायच्या जॅकार्ड मागावर, एक साडी काढायची म्हणजे काय ते बघा कधी. ताण्याचा एक दोरा तुटला की माग थांबवायचा, पोटावर वाकायचं, बारीक केसासारखं टोक हुडकायचं, गाठ मारायची, फणीतनं ओढून घ्यायचं, परत चालू. उजेड कमी असला तर गाठ दिसत नाही आणि साडीत रेघ पडते, ती साडी व्यापारी बाजूला टाकतो, मजुरी कापतो. आई दिवसभर सुताच्या कांड्या भरायची, तिची मजुरी कुणी कधी धरलीच नाही, कुठल्याच हिशोबात. त्यावर नोटबंदी, मग सुतावर जीएसटी, मग 2019 ला घरात पाणी, मोटार पाण्यात, बीमवरचा ताणा भिजून कुजला. आणि 2020 ला लग्नसराईच गेली. सरकारनं 10 एचपीपर्यंत वीज फुकट केली ती 2023 ला, तेव्हा आमचे माग भंगारवाल्याकडं किलोवर गेलेले. आता मी उद्यमबागला फाउंड्रीत आहे, शिफ्टला. अक्कल होती म्हणूनच धंदा बदलला, साहेब.

गल्लीबाहेरचा
मागाचं मान्य, मला एवढं माहीत नव्हतं. तरी वाटण्यांचं कुणी उत्तर दिलं नाही हे नोंद करा.

अनगोळ अक्का
वाटण्यांचं मी देते. माझं माहेर शहापूरचं. भावांनी सही मागितली, मी दिली, एक रुपया घेतला नाही. त्यानंतर भाऊ एकमेकांत भांडून आजही घर बंद. तेव्हा 'बहिणींनी हिस्से मागितले म्हणून घरं पडली' असं जे आमच्या नातेवाईकांत हळूच बोलतात ना, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. बाकी चालू द्या.

आणि एक, कुणी बोलत नाही म्हणून बोलते. मी शहापूरला साडी घ्यायला का येत नाही? गाडी लावायला जागा नाही. खडेबाजारात दोन फेऱ्या मारायच्या, हॉर्न खायचे, पोलीसमामा शिट्टी मारतो, शेवटी मॉलला. एवढंच कारण.

कोरे गल्लीवाला
अक्का, तुम्ही टू-व्हीलर आणा की ओ.

अनगोळ अक्का
मी गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली बाई आहे, टू-व्हीलर आणा म्हणे. हा अ‍ॅटिट्यूडच तुमच्या पेठेनं मारला.

खानापूर रोडवाला
पार्किंगवर पाच पैसे माझे. दुकानदार स्वतःच्या दुकानासमोर स्वतःची गाडी सकाळी नऊला लावतात आणि रात्री नऊला काढतात. मग म्हणायचं गिऱ्हाईक येत नाही. त्याच्या पुढं कपडे लटकवायचे, त्याच्या पुढं बोर्ड, त्याच्या पुढं पालेभाजीवाली. गिऱ्हाईक उभं कुठं राहणार, गटारावर?

कोरे गल्लीवाला
पालेभाजीवालीवर येऊ नका. ती वडगाव शिवारातली बाई आहे, बळ्ळारी नाल्याचं पाणी शेतात घुसून पीक गेलं की ती काय विकणार. गाडीवाल्यांसाठी तिला उठवायचं का?

खानापूर रोडवाला
मी गाडीवाल्या दुकानदारांवर बोललो, तुम्ही बरोबर बाईच्या पदराआड लपला. वाह.

टिळकवाडी तिसरं गेट
उपाय म्हणून रस्ता रुंद करतात, ते तरी नीट करतात का. बेळगाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत आलं जानेवारी 2016 ला, पेढे वाटले होते. मग बँक ऑफ इंडियापासून जुन्या पी. बी. रोडपर्यंत रस्ता केला आणि जमीन रीतसर घ्यायचीच विसरले. मालक कोर्टात गेला, 20 कोटींच्या भरपाईपर्यंत गोष्ट गेली. हे पैसे कुणाचे? अक्कांच्या घरपट्टीचे.

सीमावासी_56
आणि त्या रस्त्यावरच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत ते पण सांगा.

टिळकवाडी तिसरं गेट
सर, रस्ताच राहतोय का नाही ही पंचाईत, तुम्ही पाटी वाचालाय.

गल्लीबाहेरचा
माझी मूळ पोस्ट पार्किंगवर नव्हती, कृपया.

खानापूर रोडवाला
आता आहे.

नार्वेकर गल्लीचा म्हातारा
पोरांनो, तुम्ही सगळे नुसतं कालपरवाचं बोलताय. ह्या गावाला माणूस टिकवताच येत नाही, जुनीच खोड आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 ला इथं सायकलचं दुकान काढलं, नांगर केले, कडबा कापायची यंत्रं केली. त्यांची जागा नगरपालिकेला पाहिजे झाली, माणूस 1910 ला औंध संस्थानातल्या माळावर गेला आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्याकडं काय राहिलं? किर्लोस्कर रोड. त्यावरपण पार्किंग मिळत नाही.

मागवाला, वडगाव
काका एकदम करेक्ट. खरं तेव्हा एका संस्थानिकानं बोलावून जागा दिली. आम्हाला कोण बोलावणार, फाउंड्रीवाल्यानं बोलावलं ते पण कंत्राटी.

कोरे गल्लीवाला
काका, म्हणून तर म्हणतोय, दोष नगरपालिकेचा, लोकांचा नाही.

नार्वेकर गल्लीचा म्हातारा
नगरपालिकेत माकडं बसली होती काय रे? गावातलीच प्रतिष्ठित मंडळी होती ती. आणि जरा स्वतःकडं बघ. गणपतीत कपिलेश्वर तलावापर्यंत पहाटेपर्यंत डीजे, त्यानं आमच्या गल्लीत एका भिंतीचा गिलावा पडला. 1916 ला टिळकांनी होमरूल लीग ह्याच गावात काढली म्हणून छाती फुगवता, आणि म्हाताऱ्यांना झोपू देत नाही. मग म्हातारीसुद्धा मुलाकडं पुण्याला जातात आणि घराला कुलूप लागतं. हे पण लिही तुझ्या लांब पोस्टमध्ये.

कोरे गल्लीवाला
डीजेला मी पण विरोधात आहे. मंडळाच्या मीटिंगमध्ये बोललो तर मला खजिनदार पदावरनं काढलं.

अनगोळ अक्का
हिशोब दिला नव्हता म्हणून काढलं असं ऐकलं मी.

कोरे गल्लीवाला
अक्का!! हे इथं बोलायचं काय. हिशोब दिलाय, पावत्या आहेत, घरी या दाखवतो.

अनगोळ अक्का
येते की, गाडी कुठं लावू?

गल्लीबाहेरचा
😂😂 बरं, शेवटचं लिहितो. आळशी शब्द मी मागे घेतो, मागवाल्यांच्या बाबतीत. भांडकुदळ हा शब्द तसाच ठेवतो, पुरावा हाच धागा. आणि विका असं मी म्हणालो ते रागानं, कारण दर दिवाळीला येतो आणि आमच्या माडीची एक तुळई अजून वाकलेली दिसते. चार चुलते बसवून देणारा कुणी असेल तर सांगा, त्याला जेवण माझ्याकडनं.

कोरे गल्लीवाला
तुझ्या मधल्या चुलत्यांना मी ओळखतो, रोज सकाळी नाथ पै सर्कलला चहाला असतात. बोलून बघतो. खरं तुझ्यासाठी नाही, त्या घरासाठी. तुझी पोस्ट अजून पण चुकीचीच आहे.

सीमावासी_56
मूळ प्रश्न सुटल्याशिवाय चुलतेसुद्धा एकत्र येणार नाहीत, लिहून घ्या.

टिळकवाडी तिसरं गेट
घेतलं लिहून, तारीख टाकून.

मागवाला, वडगाव
विषय नाही, तरी विचारतो. मंगाई यात्रेच्या वेळी वडगाव बाजार गल्लीनं गाडी जाईल का, का परत खणलंय? पाहुणे येणारेत.

खानापूर रोडवाला
खणलंय. शहापूरकडनं वळसा मारा, आणि गाडी कुठं लावायची ते अक्कांना विचारा.