अफगाणिस्तानात एवढी मदत गेली, मग पाणी मुरलं कुठे?

वाटसरू:
गेले काही दिवस यावर वाचतोय आणि डोकं चालेनासं झालंय. २००२ पासून वीस वर्षांत अमेरिकेने पुनर्बांधणीसाठी जवळपास १४५ अब्ज डॉलर मंजूर केले, स्वतःचा युद्धखर्च वेगळाच, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सरकार पत्त्यांसारखं कोसळलं. भ्रष्टाचार झाला एवढंच म्हणून सोडून द्यायचं का?

सायली_म:
भ्रष्टाचार होताच हो, पण आधी हे बघा की त्यातला निम्म्याहून जास्त पैसा अफगाण सैन्य आणि पोलिसांवर गेला, शाळा-दवाखान्यांच्या वाट्याला वाटतं तेवढं आलंच नाही. आणि बांधलेलं पुढे चालवणार कोण हा विचारच नाही. काबूलजवळचं ताराखील वीजकेंद्र घ्या, १०५ मेगावॉटचं, डिझेलवरचं. उझबेकिस्तानातून येणारी वीज त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, मग ते बहुतेक काळ पडूनच राहिलं. हवाई दलाला २० जुनी मालवाहू विमानं दिली, प्रकल्पाचा खर्च सुमारे ५५ कोटी डॉलर, सुटे भाग मिळेनात, शेवटी १६ विमानं भंगारात गेली जेमतेम ४०,००० डॉलरला. वाचून खरंच पोटात तुटलं.

खडीवाट:
सगळंच वाया गेलं असं नका म्हणू. २००३ पासून नॅशनल सॉलिडॅरिटी प्रोग्रॅम होता. गावाने गुप्त मतदानाने समिती निवडायची, त्यात बायकाही, कुटुंबामागे साधारण २०० डॉलर धरून गावाला जास्तीत जास्त ६०,००० मिळायचे, आणि विहीर हवी की रस्ता की ओढ्यावरची छोटी वीज हे गावानेच ठरवायचं, वर दहावा हिस्सा श्रमदानाने नाहीतर पैशाने स्वतः उचलायचा. ५०० गावांचा अभ्यास झालाय, पाणी-वीज सुधारली, बायका गावच्या कामात जास्त दिसायला लागल्या. पाकिस्तान सीमेलगतच्या भागात हिंसा मात्र कमी झाली नाही, ती अपेक्षा विहिरीकडून ठेवणंच मला चुकीचं वाटतं.

वाटसरू:
हे माहीतच नव्हतं, धन्यवाद. पण मग आता तालिबान असताना मदत द्यावी की थांबवावी?

सायली_म:
द्यावी, माझं तरी ठाम मत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी बायकांना एनजीओत काम करायला बंदी केली. परका पुरुष कार्यकर्ता दारातच थांबतो, आत एकटी विधवा आणि तिची पोरं आहेत, त्यांना धान्य मिळालं का, कोण आजारी आहे, हे विचारायला बाईच लागते. आपण हात आखडता घेतला तर सत्तेवर बसलेल्यांच्या ताटातलं काही कमी होत नाही, त्या घरातलं होतं.